शेकोटीवरचा पडदा

लॅटिन भाषेत शेकोटीला ‘फोकस’ म्हणत. घरातील अग्नी जेथे प्रज्वलित होई, ती जागा म्हणजे फोकस. पुढे १६०४ मध्ये केप्लर या ज्योतिर्विदाने प्रकाशशास्त्रावरील आपल्या ग्रंथात हा शब्द किरण एकत्र येण्याच्या बिंदूसाठी योजिला. आणि आज ज्याच्यावर लक्ष एकवटते त्या कोणत्याही गोष्टीला फोकस म्हणण्याची रूढी पडली आहे. शब्दाचा हा प्रवास अर्थपूर्ण आहे. थंड प्रदेशात घरातील सर्वांची दृष्टी जेथे एकवटे, ते स्थान शतकानुशतके शेकोटीचेच होते. विसाव्या शतकात मात्र या स्थानाला एक प्रतिस्पर्धी निर्माण झाला. तो म्हणजे दूरचित्रवाणीचा संच होय.

२६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमधील माळ्यावरच्या एका खोलीत जॉन लोगी बेअर्ड यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या काही सभासदांना हलते चित्र यंत्राच्या साहाय्याने दूर पाठवून दाखविले. त्यानंतर पुष्कळ वर्षे हा संच म्हणजे काचेची जड नळी पोटात घेतलेली एक पेटीच होती. ती भिंतीवर टांगणे शक्य नव्हते; म्हणून ती बिचारी कोपऱ्यात बसली आणि मुख्य भिंत शेकोटीकडेच राहिली. २००० नंतरच्या दशकात पातळ, चपटे पडदे घरोघर आले आणि हा जुना समझोता मोडला. जेथे पूर्वी तैलचित्र किंवा आरसा शोभे, त्या शेकोटीवरच्या जागी पडदा चढविण्याची प्रथा अमेरिका, कॅनडा, इंग्लंड या देशांत पडली. त्या देशांत आता मराठी कुटुंबेही पुष्कळ स्थायिक झाली आहेत. नवे घर घेतले की त्यांच्यापुढेही हा प्रश्न उभा राहतो: शेकोटी तर पेटवायची आहे; मग तिच्यावर पडदा लावावा की लावू नये?

वरवर पाहता ही योजना सोयीची वाटते. दिवाणखान्यातील ती सर्वांत प्रशस्त भिंत. बैठक अगोदरच तिच्याकडे तोंड करून मांडलेली. शोभेच्या दोन वस्तू एकाच रेषेत आल्या की खोलीही नीटस दिसते. परंतु या दोन वस्तूंचे स्वभाव एकमेकींना मानवणारे नाहीत.

अग्नीची उष्णता खोलीत दोन वाटांनी येते. एक, सूर्याच्या उन्हाप्रमाणे सरळ समोर फाकणारी. दुसरी, तापलेल्या हवेबरोबर वर चढणारी. काउंट रम्फर्ड यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस शेकोट्यांचा बारकाईने अभ्यास केला. उघड्या शेकोटीतील तापलेली हवा बहुतांशी धुराड्यातून निघून जाते आणि माणसाला ऊब मिळते ती मुख्यतः समोर फाकणाऱ्या उष्णतेची, हे ओळखून त्यांनी शेकोटी उथळ केली आणि तिच्या बाजू तिरप्या केल्या. यावरून एखाद्यास वाटेल की, तापलेली हवा धुराड्यात जात असेल तर वरच्या पडद्याला भय कशाचे? धुराडे नीट ओढत असेल तर भय कमी असते, हे खरे. परंतु भिंत स्वतः तापते, शेकोटीच्या तोंडातून काही गरम हवा बाहेर सांडतेच, आणि पेटविताना थोडा धूर खोलीत आला तर त्याची काजळी संचाच्या झरोक्यांत शिरते. शिवाय आजच्या अनेक घरांत लाकडाऐवजी गॅसची शेकोटी असते. तिच्यापैकी काही प्रकारांत पंखा बसवून गरम हवा मुद्दाम पुढे ढकलली जाते. ही हवा बाहेर पडताच भिंतीला लगटून वर चढते, म्हणजे थेट पडद्याकडे जाते. ज्या गॅसच्या शेकोटीला धुराडेच नसते, तिची सर्व उष्णता आणि ज्वलनातून निर्माण होणारी वाफ खोलीतच राहते. म्हणून नवी शेकोटी दिसायला सौम्य असली, तरी पडद्याला ती जुनीपेक्षा अधिक जाचक ठरू शकते.

पडद्याची सहनशक्ती किती, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. वापराच्या जागेचे तापमान ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा बहुतेक संचांना घातलेली आढळते. ती ओलांडली म्हणून संच त्याच क्षणी बंद पडत नाही. आणि खरी फसगत येथेच होते. विद्युत्‌संचातील काही घटकांत द्रवरूप रसायन असते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा घटकांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. म्हणजे दहा वर्षे टिकावयाची वस्तू चार-पाच वर्षांत थकते आणि घरातील माणसे मालाला दोष देत बसतात.

याची परीक्षा मात्र फार सोपी आहे. पडदा विकत आणण्यापूर्वीच ती करावी. जेथे पडद्याची खालची कड येणार, तेथे भिंतीवर एक साधा तापमापक चिकटवावा. शेकोटी नेहमीसारखी पेटवून दोन-तीन तास चालू द्यावी आणि दर अर्ध्या तासाने पारा पाहावा. पारा चाळिशीला टेकत असेल, तर तेथे पडदा लावण्याचा विचार सोडून द्यावा. थोडक्यात चुकत असेल, तर शेकोटीवर पुढे आलेली रुंद फळी बसविल्याने वर चढणारी हवा बाहेर लोटली जाते आणि काही अंशांचा फरक पडतो. फळी लाकडी असल्यास ती आगीच्या तोंडापासून किती दूर असावी, याचेही नियम आहेत. ते पाहूनच ती बसवावी.

दुसरा प्रश्न मानेचा आहे, आणि त्याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. शेकोटीवरची फळी जमिनीपासून सुमारे साडेचार फूट उंच असते. तिच्यावर अर्धा फूट जागा सोडून ५५ इंची पडदा लावला, तर त्याचा मध्यबिंदू सहा फुटांच्या वर जातो. कोचावर बसलेल्या माणसाचे डोळे असतात साडेतीन फुटांवर. म्हणजे पडदा अडीच फूट उंच झाला. आठ फुटांवरून पाहणाऱ्याला सतरा-अठरा अंश मान वर करावी लागते. जाणकार मात्र पंधरा अंशांची मर्यादा सांगतात. पडदा पुढे झुकविल्याने चित्र स्पष्ट दिसते, परंतु मानेचा कोन तसाच राहतो. देवळाच्या कळसाकडे क्षणभर पाहावे, हात जोडावेत आणि पुढे जावे. कळसाकडे दोन तास टक लावून कोणी बसत नाही. थंडीच्या दिवसांत मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना तर हा त्रास अधिक जाणवतो. त्यांचा दिवसाचा पुष्कळसा वेळ त्या एकाच कोचावर जातो, आणि मान दुखली तरी मुलाच्या नव्या घरात उणे काढावयास त्यांना संकोच वाटतो. पडदा खाली ओढून घेता येईल अशी यांत्रिक चौकट मिळते; परंतु आग पेटलेली असताना पडदा तिच्या तोंडासमोर आणणे म्हणजे पहिला धोका दुप्पट करणे होय.

तिसरी गोष्ट भिंतीच्या आतली, म्हणून सर्वांत दुर्लक्षित. त्या भिंतीमागून धुराडे गेलेले असते. जुन्या विटांच्या धुराड्याला आरपार भोक पाडणे म्हणजे धुराला आणि विषारी वायूला खोलीची वाट मोकळी करून देणे. संचाची लवचीक वीजतार भिंतीत दडविण्यास अमेरिकेच्या विद्युत्‌संहितेत मनाई आहे. पडद्यामागे स्वतंत्र विद्युत्‌जोडणी परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागते. हा खर्च पडद्याच्या किमतीत कोणी धरत नाही.

इतके सारे सांभाळूनही एक प्रश्न उरतोच. न्यूयॉर्कमधील डब्ल्यूपीआयएक्स या दूरचित्रवाणी केंद्राने १९६६ च्या नाताळाच्या आदल्या रात्री एक विलक्षण कार्यक्रम दाखविला. पडद्यावर केवळ शेकोटीत जळणारे ओंडके दिसत आणि मागे नाताळाची गाणी चालू असत. ज्या शहरवासीयांच्या घरात शेकोटी नव्हती, त्यांच्यासाठी ती भेट होती, आणि ती लोकांना अतिशय आवडली. पडद्याला शेकोटीची उणीव भरून काढता येते, असे त्या रात्री वाटले असेल. परंतु चित्रातील अग्नी ऊब देत नाही; आणि माणसांना एकमेकांकडे वळवीतही नाही. शेकोटीभोवती माणसे अर्धवर्तुळात बसतात. त्यांना ज्वाळा दिसते, तशीच एकमेकांची तोंडेही दिसतात. पडद्यापुढे ती ओळीने बसतात आणि शेजारच्याचे तोंड दिसेनासे होते. दोन्ही एकाच भिंतीवर आली की जिंकतो तो पडदा. शेकोटी त्याच्या पायाशी जळत राहते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही.

म्हणून ज्या घरात शेकोटी खरोखर पेटणार आहे, तेथे पडद्याला बाजूची भिंत द्यावी; तो डोळ्यांच्या उंचीवर लावावा आणि खुर्च्या वळविता येतील अशा ठेवाव्यात. एखादी संध्याकाळ पडद्याची, एखादी शेकोटीची. जेथे शेकोटी कायमची विझलेली आहे आणि केवळ शोभेपुरती उरली आहे, तेथे मात्र आगीची भीती नाही. मग मानेचा हिशेब करून खुशाल पडदा लावावा.

आपल्याकडील जुन्या स्वयंपाकघरांत चुलीच्या वर माळा असे. त्या माळ्यावर काय ठेवायचे, हे घरातील आजीला कोणी शिकवावे लागत नसे. ओली लाकडे, बियाणे, पावसाळ्यासाठी राखलेल्या वस्तू, म्हणजे ज्यांना धूर आणि ऊब मानवते ते सर्व माळ्यावर जाई. तुपाचा डबा आणि पोथी तेथे कधी गेली नाही. चुलीवरची जागा वाळवणाची, हे त्या आजीचे शास्त्र होते. सातासमुद्रापलीकडे पडद्यासाठी खुंटी ठोकण्यापूर्वी एवढे आठवले, तरी पुष्कळ होईल.