लायकी विचारण्यापूर्वी
(हीरकमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



हीरकमहोत्सवानिमित्त आपण उभारीत असलेल्या विद्यार्थी साहाय्य निधीविषयी काही बोलण्याची अनुज्ञा घेते. ही मदत केवळ ‘लायक’ मुलांनाच मिळावी, अशी सूचना आली आहे. कष्टाचा पैसा वाया जाऊ नये, ही त्यामागील भावना रास्तच आहे. परंतु लायकी ठरवायची कोणी आणि कशावरून? या प्रश्नाचे उत्तर आपल्या चेन्नईच्या इतिहासातच सापडते.

अडयार व कूम या नद्यांना जोडणारा बकिंगहॅम कालव्याचा सुमारे ८ किलोमीटरचा भाग आपल्या नेहमीच्या पाहण्यातला आहे. तो १८७७-७८ मध्ये दुष्काळी काम म्हणून खोदला गेला. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराची रोजी एक पौंड धान्य व एक आणा इतकी खाली आणली. फुकट्यांनी सरकारी मदत लाटू नये, हा हेतू. एवढ्या अन्नावर राबणारा माणूस जगणार नाही, असे डॉ. कॉर्निश या आरोग्य अधिकाऱ्यांनी बजावले आणि अखेर रोजी वाढवावी लागली.

त्या दशकातील दुष्काळी वर्षांत याच मद्रास इलाख्यात अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब वणवण फिरत होते. पुराणे सांगण्यावाचून त्यांना दुसरा व्यवसाय ठाऊक नव्हता. मोलमजुरी अंगवळणी नव्हती, भीक मागण्याची लाज वाटे. लायकीच्या कोणत्याही कसोटीला हे कुटुंब उतरले नसते. आई, वडील व थोरली बहीण दुष्काळाला बळी पडली. भावासह जी मुलगी वाचली, तिलाच पुढे आपण पंडिता रमाबाई म्हणून ओळखू लागलो.

रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील शेकडो निराधार मुली व स्त्रिया त्यांनी आपल्या आश्रयाखाली आणल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच वाढले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन उघडले, अंध मुलींच्या शिक्षणाची सोय केली. येशूच्या दाखल्यातील शोमरोनी, वाटेत घायाळ पडलेल्या माणसाला ‘अशा धोक्याच्या वाटेने एकटा का निघालास?’ असे विचारीत नाही. तो आधी जखमा बांधतो. रमाबाईंची करुणा याच जातीची होती. मात्र तेथे कोणी रिकामे बसत नसे. शिक्षण होते, उद्योग होता, छापखानाही होता. काम हे मदतीनंतरचे पाऊल होते, मदत मिळण्याची अट नव्हे.

मित्रहो, आपला निधीही असाच असावा. हिशेब चोख ठेवू; पैसे थेट पुस्तके, गणवेश व शुल्कासाठीच खर्च करू. परंतु गुण कमी पडले किंवा वडील व्यसनी आहेत, म्हणून मुलाचा अर्ज बाजूला पडू नये. मदत घेणाऱ्यांची नावे वर्गात वा फलकावर येऊ नयेत. बापाच्या चुकीचा दंड लेकराने का भरावा?

परीक्षा घेणे हे शाळेचे कामच आहे. ती अभ्यासाची घ्यावी, गरिबीची नव्हे. एवढा एक नियम निधीच्या घटनेत लिहावा, ही माझी आपणा सर्वांना नम्र विनंती.