पहिल्या शर्यतीच्या आधीचे तीन महिने

श्रोतेहो, हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलणारी मुलगी वाईची आहे, वय सतरा, रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत भाग घेते. तिने आणि तिच्या आई-बाबांनी मिळून नाव न देण्याचं ठरवलं, ते आपण पाळलं आहे. बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवलंय. अडखळणं आणि तेच तेच आलेलं तेवढं काढलंय.



मला असं एकटीने माईकसमोर बोलायची सवय नाही, त्यामुळे कुठे घसरले तर सांभाळून घ्या. मला सांगितलं होतं की हंगामाच्या सुरुवातीच्या सरावाबद्दल बोल, नव्या मुलामुलींना उपयोग होईल. मी म्हटलं बोलते, पण मग गेल्या वर्षीचंही बोलणार. कारण या वर्षी मी जे बरोबर केलं, ते सगळं गेल्या वर्षी चुकलेलं होतं.

आधी आमचा हंगाम म्हणजे काय ते सांगते. युरोपात सायकलवाल्यांचा हंगाम वसंतात उघडतो. आपल्याकडे पाऊस ठरवतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे रस्ता ओला, पसरणी घाटात धुकं, कधी दरड. त्या दिवसांत घरात रोलरवर सायकल चालवायची, भिंतीकडे बघत. मग सप्टेंबरच्या मध्याला ऊन पडतं, पाचगणीकडे स्ट्रॉबेरीची लावण सुरू होते आणि आम्ही रस्त्यावर येतो. पहिली महत्त्वाची शर्यत किंवा निवड चाचणी साधारण डिसेंबरात. म्हणजे हातात तीन महिने. या तीन महिन्यांबद्दलच मला बोलायचंय.

आता गेल्या वर्षीची गोष्ट.

मी सोळा वर्षांची होते. आदल्या हंगामात घाटात मागे पडले होते, ते डोक्यात बसलं होतं. कुणीतरी सहज म्हणालं, "अंगानं जरा कमी झालीस ना, तर उडशील बघ घाटात." वाईट हेतू नव्हता हो. आणि हिशेब वरवर बरोबरच असतो. चढावर आपलं आणि सायकलचं वजन वर ओढायचं असतं, वजन कमी तर ओढणं कमी. मोठे सायकलपटू ग्रॅम ग्रॅम मोजतात. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये असा यूसीआयचा, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा, नियमच आहे. माझी सायकल नऊ किलोच्या आसपासची. ती हलकी करायला पैसे नव्हते. मग मी म्हटलं, मी हलकी होते. त्याला पैसे लागत नाहीत.

माझी आई डबे करते. रोज पंचवीस-तीस डबे जातात घरातून. आणि त्याच घरात मी अर्धी भाकरी खाऊन उठायचे. आईला सांगायचे, सरांनी सांगितलंय. सरांना सांगायचे, घरून खाऊन आलेय. रोलरवर दीड तास घाम गाळायचा आणि वर नुसतं पाणी प्यायचं. जूनमध्ये मी ५२ किलो होते, ऑक्टोबरात ४७.

आणि खरं सांगू का? सुरुवातीला फायदा झाला! हेच फसवं असतं. वाईतून पाचगणीपर्यंतचा घाट, बारा-एक किलोमीटरचा, तो मला आधी ४४ मिनिटं लागायचा. ऑक्टोबरात ४२ लागली. मी घरी येऊन कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलं. सगळ्यांनी कौतुक केलं. "बघ, बारीक झालीस आणि वेळ उतरली." मग कोण थांबतंय?

नोव्हेंबरात तोच घाट ४६ मिनिटांवर गेला. मला वाटलं सराव कमी पडतोय. म्हणून सोमवारची सुट्टी बंद केली. रोजच जोरात. पाय जड, झोप तुटक, सर्दी जाता जात नव्हती, आणि सारखी चिडचिड. आईशी भांडण, भावाशी भांडण. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. ऑगस्टपासून मला पाळी आली नव्हती.

हे इथे मोकळेपणाने बोलायचं ठरवलंय, म्हणून बोलते. मला तेव्हा त्याचं वाईट वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं. शर्यतीच्या दिवशी कटकट नको. एका मोठ्या मुलीने तर सांगितलं की जोरात सराव करणाऱ्यांचं असंच होतं, म्हणजे तू खरी खेळाडू झालीस. मला ते पदकासारखं वाटलं.

डिसेंबरात निवड चाचणी. आपल्याकडच्या बऱ्याच शर्यती सरळ रस्त्यावर असतात, एका टोकाला शंकू ठेवून यू-टर्न, परत त्याच रस्त्याने. मी घोळक्यात शेवटी होते. आता शेवटी असलं की काय होतं, तर यू-टर्नला पुढच्या मुली वळून निघूनही जातात, तेव्हा मागच्या अजून ब्रेक दाबत असतात. मग मागच्यांना प्रत्येक वळणानंतर पुढच्यांपेक्षा कितीतरी जोरात पळावं लागतं, नुसतं घोळक्यात राहायला. पहिलं वळण मी भरून काढलं. दुसऱ्याला पाय उरलेच नाहीत. पुढचं चाक आधी एक मीटर गेलं, मग पाच, मग पन्नास. घोळक्यात वारा पुढचे अडवतात, त्यात ढोबळ तिसरा हिस्सा तरी मेहनत वाचते. एकटी पडलात की ती सगळी वसूल होते. मी शेवटचे चौदा किलोमीटर एकटीने रडत चालवले. मागून बाबा मोटरसायकलवर होते. काही बोलले नाहीत. शेवटी फक्त जॅकेट दिलं.

दोन दिवसांनी जिन्यात चक्कर आली, तेव्हा आई साताऱ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. हिमोग्लोबिन ९.८. माझ्या वयाच्या मुलीला निदान १२ हवं. त्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची पाळी कधी?" हा प्रश्न तोपर्यंत मला कुणीच विचारला नव्हता. आईने नाही, कारण मी तिला फसवत होते. सरांनी नाही, कारण ते संकोचायचे. मी सांगितलं, ऑगस्ट. आई माझ्याकडे नुसती बघत राहिली.

डॉक्टरांनी जे सांगितलं, ते माझ्या शब्दांत सांगते. आपण खातो त्यातून आधी व्यायामाचा खर्च जातो. उरलेल्यावर बाकीचं शरीर चालतं. हाडं, रक्त, पाळी, झोप, सर्दी-पडशाशी लढणं, सगळं. उरलंच नाही तर शरीर एकेक दिवा बंद करायला लागतं, आणि पाळी हा लवकर बंद होणाऱ्या दिव्यांपैकी एक. याला रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये हे नाव पुढे आणलं, कारण हा त्रास फक्त मुलींचा नाही, मुलांनाही होतो. मुलांना पाळीची खूण नसते, म्हणून त्यांचं तर कळायलाही उशीर होतो.

आणि दुसरी गोष्ट हाडांची. हाडांची बहुतेक कमाई विशीच्या आतच होते. पळणाऱ्या मुलीच्या हाडांना निदान जमिनीचे दणके बसतात, त्याने ती घट्ट होतात. सायकलवर आपण बसलेलो असतो, तो दणकाही नाही. म्हणजे सायकलवाल्या मुलीने उपाशी राहणं हे दुप्पट महाग. डॉक्टर म्हणाल्या, "तीन महिने पाळी चुकली तर यायचं. खेळाडू असलीस तर आधी यायचं."

जानेवारीपासून दीड महिना शर्यतीची सायकल बंद. फक्त चालणं, आणि खाणं. सर घरी आले, आईसमोर बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं, मी विचारायला हवं होतं." मला आजही त्यांचं ते बोलणं आठवतं. पाळी परत यायला मे महिना उजाडला.

आता या वर्षीचं. हे नव्यांनी नीट ऐका.

सप्टेंबरच्या मध्यापासून पहिले सहा आठवडे आम्ही मुद्दाम सावकाश चालवलं. सावकाश म्हणजे किती, तर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटले की वेग जास्त. छातीचा पट्टा होता नाडी मोजायला, पण सर म्हणायचे, पट्ट्यापेक्षा गप्पा बऱ्या. सोमवार पूर्ण सुट्टी. मंगळवार, गुरुवार तासभर हलकं, धोमच्या रस्त्याने, मेणवलीवरून. बुधवारी दीड तास, त्यात थोडा जोर. शुक्रवारी सायकल नाही, फक्त पाठ-पोटाचे व्यायाम आणि उड्या, हाडांसाठी. शनिवारी पहाटे घाट, पर्यटकांच्या गाड्या यायच्या आत. रविवारी तीन तास. सगळं मिळून साडेआठ तास. तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात कमी करायचं.

सावकाश चालवायला ताकद लागत नाही, पण सहनशक्ती लागते, डोक्याची. घाटात परवापरवा सायकल घेतलेले काका ओव्हरटेक करून जायचे आणि वर म्हणायचे, "काय, आज दमलीस?" ऑक्टोबरात मला घाट ४८ मिनिटं लागला. गेल्या वर्षी याच महिन्यात ४२! मी सरांना म्हटलं, मला लाज वाटते. ते म्हणाले, "ऑक्टोबरात बक्षीस कोण देतंय?"

खाण्याचा नियम साधा. तासापेक्षा जास्त सायकल असेल तर खिशात खाणं असलंच पाहिजे. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे साधारण दोन केळी तासाला. मी खजूर आणि राजगिऱ्याचा लाडूही नेते. परत आल्यावर अंघोळीच्या आधी खायचं, नंतर नाही. कारण अंघोळीनंतर फोन हातात येतो आणि खाणं राहतं. आणि झोप. माझ्या वयाला आठ ते दहा तास लागतात. बारावीचं वर्ष आहे, त्यामुळे दहा कधीच मिळाले नाहीत. पण आठ मी सोडले नाहीत. अभ्यास पहाटे करायचा तर त्या दिवशी सायकल संध्याकाळी, दोन्हीकडून झोप कापायची नाही.

नोव्हेंबरपासून जोर सुरू. घाटात पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे, मध्ये पाच मिनिटं हलकं. आठवड्यातून दोनदाच, त्याहून नाही. आणि घोळक्याचा सराव, सुरूरच्या रस्त्यावर मुलांबरोबर. पुढच्याच्या चाकापासून हातभर अंतर ठेवायचं, आळीपाळीने पुढे यायचं, खड्डा दिसला की हाताने दाखवायचा. गळीत सुरू झाल्यावर उसाच्या दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, त्यांच्या मागे कधी चिकटायचं नाही, ऊस पडतो आणि ब्रेकचा दिवा बहुधा नसतो. यू-टर्नचा सराव आम्ही रिकाम्या मैदानावर केला, शंकूऐवजी चपला ठेवून.

शिवाय वहीत रोज चार गोष्टी. सकाळची नाडी, झोप, मूड, आणि पाळीची तारीख. वही सर बघतात. पहिल्या आठवड्यात दोघांनाही अवघड वाटलं. आता नाही वाटत. उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त दिसली की त्या दिवशीचा जोर रद्द.

डिसेंबरात तीच चाचणी झाली. आदल्या आठवड्यात घाट ४१ मिनिटांत झाला होता, वजन ५२. मी पूर्ण शर्यत पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात राहिले. दोन्ही यू-टर्नला मी पहिल्या आठात होते. दुसऱ्या वळणानंतर मागे बघितलं, तर एक मुलगी सुटत होती. गेल्या वर्षी जिथे मी सुटले, जवळपास तिथेच. वाईट वाटलं, पण थांबता येत नाही.

शेवटी घोळक्याने स्प्रिंट झाली आणि मी सहावी आले. निवड चौघींची होती. म्हणजे नाही झाली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पॉडकास्टवर सगळे जिंकलेले येतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, नीट खाल्लं की पदक मिळतं. तसं नाही. त्या चौघी माझ्यापेक्षा वेगवान होत्या. पण मी शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत शर्यतीत होते, आणि दुसऱ्या दिवशी जिना धरून नाही, पळत चढले.

शर्यतीनंतर मी ती मागे सुटलेली मुलगी शोधली. गाडीपाशी बसली होती, ओळख नव्हती. मी तिला लाडू दिला. ती म्हणाली, नको, वजन वाढेल. मग मी तिच्या शेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं, जे आत्ता तुम्हाला सांगितलं. त्यानंतर घरी येऊन या कार्यक्रमाला हो म्हटलं.

प्रशिक्षकांना माझी एकच विनंती. मुलीला पाळीबद्दल विचारायला संकोच वाटत असेल तर तिच्या आईला विचारा, एखाद्या ताईला विचारायला सांगा, वहीत रकाना आखून द्या. पण विचारा. पालकांनी डबा रिकामा आला का ते बघा, तो कुणी रिकामा केला तेही बघा. आणि माझ्या वयाच्या मुलींनो, मुलांनो, हंगामाच्या सुरुवातीला कुणी तुमच्या पुढे गेलं तर जाऊ दे.

फेब्रुवारीत माझी बारावीची परीक्षा आहे. तोवर आठवड्याला पाचच तास सायकल. उद्या मेणवलीपर्यंत जाऊन येणार, हलकंच. आईने लाडू बांधून ठेवलेत.