नेट नसलं तरी



मघाशी माझी ओळख 'संगणकतज्ज्ञ' अशी करून दिली. टाळ्या आवरा. ऑफिसात माझा निम्मा दिवस दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जातो, एवढंच ते तज्ज्ञपण. पण बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यायचं, यावर ग्रुपवर चाललेल्या चर्चेत मला थोडं बोलायचंय.

बहुतेकांचा कल इंटरनेट जोडणीकडे आहे. माझा विरोध नाही. पण दर महिन्याचं बिल पुढच्या वर्षी कोण भरणार? आणि पावसाळ्यात लाईन गेली की तास बंद. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर ब्राउझर आहे, आणि ब्राउझरला चालायला दरवेळी इंटरनेट लागतंच असं नाही.

'फेट' हा कोलोरॅडो विद्यापीठातला प्रकल्प, नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 साली सुरू केलेला. त्यातले अनेक प्रयोग मराठीत आहेत आणि एचटीएमएल5मधला प्रयोग एका फाईलच्या रूपात उतरवून घेता येतो. पेन ड्राईव्हवर टाकायचा, डबल क्लिक करायचं, तारा जोडायच्या, बल्ब पेटतो. आपल्या वेळी एका बॅटरीभोवती आठ जणी असायच्या आणि तार हातात यायची ती घंटा झाल्यावर! 'किविक्स'वर मराठी विकिपीडिया सगळा बरोबर नेता येतो. (इंग्रजीचा मोह नको. चित्रांसकट तो 100 जीबीच्या वर जातो.) ड्राईव्ह मात्र एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. जुन्या फॅट32वर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही.

आता खरी मेख. कुठलंही वेबपान 'सेव्ह' केलं की झालं, असं होत नाही. काही पानं उघडल्यावर शेजारच्या फाईली मागवतात, आणि थेट ड्राईव्हवरून उघडलेल्या पानाला ब्राउझर सुरक्षेसाठी ते करू देत नाही. पडदा कोरा राहतो आणि बाईंना वाटतं संगणक बिघडला. अशा पानांसाठी ड्राईव्हवरच एक छोटा सर्व्हर प्रोग्रॅम ठेवावा लागतो. म्हणून प्रत्येक साधन वायफाय बंद करून, दुसऱ्याच संगणकावर तपासायचं.

दुसरी अडचण मुलांच्या दृष्टीने मोठी. सराव चाचणीतले गुण अशी पानं सहसा ब्राउझरच्या साठ्यात ठेवतात, आणि तो साठा असतो त्या संगणकावर, ड्राईव्हवर नाही. सोमवारी खिडकीजवळ बसलेल्या मुलीला गुरुवारी दारालगतचा संगणक मिळाला, की तिची वीस उदाहरणं गायब. पुन्हा पहिल्यापासून. दोनदा असं झालं की मूल ते साधन सोडून देतं. मी बीजगणिताच्या सरावासाठी केलेल्या पानावर म्हणूनच 'माझी वही जतन करा' असं बटण आहे. ते दाबलं की छोटी फाईल तयार होते. ती ड्राईव्हवर आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि पुढच्या वेळी तिथूनच उघडायची.

पेन ड्राईव्ह म्हणजे व्हायरसचं वाहन, हेही खरं. त्यामुळे मूळ प्रत शिक्षकांच्या कपाटात, मुलांच्या हाती फक्त नकला.

दहा ड्राईव्हना जोडणीच्या मानाने फार खर्च नाही. वेळ मात्र जाईल. मला दोन माणसं हवीत: एक विज्ञान शिकवणारं, जे कुठले प्रयोग घ्यायचे ते ठरवेल, आणि एक संगणकातलं काहीही न कळणारं, जे सूचना वाचून अडेल तिथे मला सांगेल. दुसऱ्या जागेसाठी इथे बरेच उमेदवार दिसतायत. जेवणाच्या सुट्टीत मला गाठा.