पुंगळीचे माप



गोदाकाठच्या या पटांगणात काडतुसाचा विषय शोभेल काय, असे एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले. बंदूक आम्ही कधी चालवलेली नाही. पण ज्यांच्या हातून काडतुसे घडतात त्या माणसांत आम्ही बरीच वर्षे वावरलो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, भुसावळजवळच्या वरणगावचा १९६४ सालचा. तेव्हा विषय काही परमुलखातला नव्हे.

काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. नाव गोळीचे होते. भार सोसते पुंगळी. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीच्या काडतुसात दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला सुमारे ६०,००० पौंड धरतात. म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेवर सत्तावीस टन! निमिषभर पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते व तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणून तर बाहेर काढता येते.

हे पितळ सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे असते. त्याचा स्वभाव आपल्या तांबट मंडळींना आम्ही काय सांगावा? ठोकत गेले की ते कडक होते, आणखी ठोकले तर तडकते. मग भट्टीत लालसर करून पुन्हा मऊ करावे लागते. कारखान्यातही चकतीची वाटी, वाटीची नळी अशी ओढ देतात आणि मधूनमधून भट्टी दाखवतात. शेवटी बुड कडक आणि तोंड मऊ राहिले पाहिजे. बुड मऊ पडले तर सत्तावीस टनांपुढे ते टिकायचे नाही.

धातूच्या अंगात कोंडलेला ताण दिसत नाही, याची एक गोष्ट याच देशात घडली. इंग्रजी फौजेची हालचाल पावसाळ्यात थंडावे, तेव्हा काडतुसे घोड्यांच्या पागेत ठेवत. पावसाळा सरल्यावर पाहावे तो पुंगळ्यांना भेगा! पुष्कळ वर्षे कोडे सुटेना. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी ते उलगडले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि ओढकामात पितळेत राहिलेला ताण, या दोघांची ती करणी होती. बेताची ऊब देऊन तो ताण घालवावा, हा त्यावरचा उपाय.

परदेशांत पुष्कळ नेमबाज झाडलेली पुंगळी घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतूस बनवणे गुन्हा आहे. तेव्हा येथून घरी जाऊन कोणी प्रयोग मांडू नये. पण त्या लोकांची शिस्त ऐकण्याजोगी आहे. फुगलेली पुंगळी ते साच्यात दाबून मापावर आणतात. खांदा कमी दाबला तर बोल्ट मिटत नाही, हे लगेच कळते. जास्त दाबला तर मात्र सारे सुरळीत दिसते. पुंगळी चेंबरमध्ये सैल बसते, प्रत्येक बाराला बुडाच्या जरा वर ताणली जाते, आतून कडे झिजते आणि एके दिवशी तिचे दोन तुकडे होतात. मान लांबत जाते, तीही कापून मापात ठेवावी लागते. नाहीतर ती गोळीला आवळून धरते आणि दाब भलताच चढतो. हे फरक इंचाच्या हजाराव्या भागाचे!

दारूचे तेच. ती ग्रेनने तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सराफाची जेमतेम अर्धी गुंज. दारू बनवणाराने छापून दिलेल्या मर्यादेच्या पुष्कळ खालून आरंभ करायचा, थोडीथोडी चढवायची, प्रत्येक पायरीला पुंगळी तपासायची. टोपी चपटी झाली, बोल्ट जड उघडू लागला, की मागे फिरायचे. खुणा दिसल्या नाहीत म्हणून छापील मर्यादा ओलांडायची नाही, कारण खुणा कधीकधी उशिरा येतात. दारूची खेप बदलली, टोपी बदलली, की पुन्हा खालून. सावलीत ठरवलेली मात्रा वैशाखाच्या उन्हात दाब वाढवते, हेही ध्यानी ठेवायचे.

एकटा माणूस इतका सांभाळतो, कारण बंदूक त्याच्याच गालाशी असते. कारखान्यात माप घेणारा एक आणि झाडणारा दुसराच, शेकडो कोस दूर. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, मापाच्या बाकावरच्या एका बाईंनी पुंगळ्यांचे ताट बाजूला ठेवले. कडीगेजमधून सगळ्या जातात, पण हाताला जाड लागतात, एवढेच त्यांचे म्हणणे. वरिष्ठ म्हणाले, गेजने पास केल्या तर तुम्ही कोण? त्या दिवसाचा बोनस गेला, वर लेखी ताकीद मिळाली. आम्ही भांडलो तेव्हा गेज तपासणीला गेले. रोज हजारो पुंगळ्या आत-बाहेर करून कडीच घासून मोठी झाली होती. माप मोजणारे मापच चुकले होते!

ताकीद मागे घेतली गेली. बोनस मात्र मिळाला नाही. शंका आल्यास ताट थांबवण्याचा अधिकार बाकावरच्या माणसाला असावा आणि थांबलेल्या वेळेचे पैसे कापू नयेत, अशी मागणी आम्ही तेव्हा लिहून दिली. पुढल्या वाटाघाटीत व्यवस्थापनाने पहिला भाग मान्य केला. दुसऱ्यावर आम्ही अजून बसलो आहोत.