शाळेचे बांधकाम आणि कंत्राटदाराचे देयक
(केळझर येथील केंद्र शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



केळझर हीच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी या पंचक्रोशीची श्रद्धा आहे. सिद्धिविनायकाच्या दर्शनास येणाऱ्यास बकासुराची कथा येथे हमखास ऐकावयास मिळते. राक्षसाकडे गाडाभर अन्न पोहोचविण्याची पाळी कोणत्या घराची आणि कोणत्या दिवशी, हे त्या नगरीत प्रत्येकास ठाऊक असे. आणि ज्या घराने पांडवांना आसरा दिला त्या घराचे ऋण फेडण्याची वेळ येताच कुंतीने भीमास पाठविले. ते तिने पुढे ढकलले नाही. राक्षसाची पाळी चुकत नव्हती. शाळेची खोली बांधून देणाऱ्याच्या देयकाची पाळी केव्हा येईल, हे मात्र पुष्कळदा त्यास कोणीच सांगू शकत नाही.

देयक हा बांधकाम विभागाचा व हिशेबाचा विषय. शिक्षकाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, देयक अडले की काम थांबते, आणि काम थांबले की दोन वर्ग एका खोलीत किंवा ओसरीवर बसतात. दुसरीही गोष्ट आहे, ती कमी दिसते. गवंडी व बिगारी बाहेरगावाहून येतात आणि त्यांची मुले काही काळ त्याच शाळेच्या पटावर असतात. मजुरी थकली की ती बिऱ्हाडे एका रात्रीत उठून जातात. हजेरीपत्रकात त्या मुलांच्या नावांपुढे लागलेल्या गैरहजेरीचे मूळ कधी कधी एखाद्या कार्यालयातील नस्तीत असते.

हिशेब सातवीच्या मुलासही समजेल असा आहे. समजा, एका वर्गखोलीचे देयक ८ लाख रुपयांचे असून ते ९ महिने अडले. कंत्राटदाराने सिमेंट, सळई व मजुरी यांसाठी तेवढी रक्कम दरसाल दरशेकडा १८ दराने उचलली असेल, तर सरळव्याजाने १ लाख ८ हजार रुपये व्याज होते. कामातील नफा शेकडा १० धरला तर तो ८० हजार. म्हणजे काम चोख करूनही २८ हजारांची खोट! ही खोट तो कोठून भरून काढणार? पुढील निविदेत दर चढवील, नाही तर सिमेंटात हात आखडता घेईल. ज्याच्या अंगी हे दोन्ही नाही तो सरकारी काम सोडून देईल. लहान व प्रामाणिक माणूस असा बाहेर पडतो, आणि थकबाकी सोसण्याची ऐपत असलेले मोजके मोठे लोक उरतात.

हा प्रश्न एका जिल्ह्याचा नाही. राज्यातील कंत्राटदारांच्या संघटनांनी २०२५ मध्ये आपली थकबाकी सुमारे ८९ हजार कोटी रुपये असल्याचे सांगितले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये केंद्राचा व राज्याचा वाटा निम्मानिम्मा. निधी आखडला तशी गावोगावची नळयोजनांची कामे रेंगाळली. जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात या योजनेचे काम केलेल्या एका तरुणाने आत्महत्या केली. त्याचे मोठे देयक थकल्याचे सांगण्यात आले. शासनाकडून उत्तर आले की, त्याच्या नावे देयक प्रलंबित नाही, तो उपकंत्राटदार असावा. कागदाच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर असू शकेल. परंतु खड्डा ज्याने खणला त्याचे नाव कागदावर नसणे, हीच तर या व्यवहारातील सर्वांत मोठी उणीव होय.

नियम नाहीत असेही नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या खात्यांसाठी सूचना काढल्या: चालू देयक सादर झाल्यापासून कामाच्या १० दिवसांत देय रकमेचा किमान शेकडा ७५ भाग द्यावा आणि उरलेला पूर्ण तपासणीनंतर कामाच्या २८ दिवसांत. आधी बहुतांश रक्कम, मग बारीक तपासणी, हा क्रम शहाणपणाचा आहे. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा व विलंबास चक्रवाढ व्याज आहे. पण बांधकामाचे कंत्राट त्या कायद्यात बसते काय, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत.

तिजोरीत निधी नसेल तर मुख्याध्यापक काय करणार? काहीच नाही. परंतु निधी येऊनही कागदावाचून अडलेली देयके असतात, आणि त्या कागदांपैकी काही शाळेतून निघतात: जागा मोकळी करून दिल्याचे पत्र, व्यवस्थापन समितीचा ठराव, खोली ताब्यात घेतल्याची पावती. मुख्याध्यापक समितीचा सचिव असतो. सभा लांबली की ठराव लांबतो, ठराव लांबला की मार्चअखेर निघून जाते.

येथे एक चूक सद्हेतूने होते. खोली झाली, पण एक खिडकी नीट लागत नाही आणि दोन फरश्या पोकळ वाजतात. तेवढे होईपर्यंत सही नाही, असे मुख्याध्यापक म्हणतात. शाळेची काळजी त्यामागे असते, हे खरे. तथापि चारदोन हजारांच्या दुरुस्तीसाठी लाखांचे देयक अडविणे न्यायाचे नव्हे. अशा दोषांसाठीच सुरक्षा अनामत राखून ठेवलेली असते. झाले ते झाले म्हणून लिहावे, राहिले ते राहिले म्हणून खाली नोंदवावे, आणि तारीख घालून सही करावी. न झालेले काम झाले म्हणून मात्र कोणाच्याही आग्रहाने लिहू नये. सहीच्या मोबदल्यात चहापाण्याची अपेक्षा हा तर बोलण्याचाही विषय नसावा.

कामावर रोज हजर असणारा सरकारी माणूस बहुधा शिक्षकच. कनिष्ठ अभियंत्याकडे पुष्कळ गावे असतात. पाया बुजविण्यापूर्वी त्याची खोली मोजली गेली नाही तर पुढे मोजमाप पुस्तिकेवर वाद होतो आणि देयक तेथेच थबकते. म्हणून पाया खुला आहे तोवर अभियंत्यास कळवावे. स्लॅब कोणत्या दिवशी पडला, त्यावर किती दिवस पाणी मारले, तपासणीसाठी काँक्रीटचे ठोकळे काढले की नाही, हे एका साध्या वहीत टिपून ठेवावे. ठोकळ्यांची मुख्य तपासणी २८ दिवसांनी होते. स्लॅबची तारीखच वादात पडली तर तो हिशेबही बिघडतो. ही वही कंत्राटदाराच्या बाजूची नाही आणि विरुद्धही नाही. पाणी मारले नसेल तर तेही तिच्यात येईल.

ताबा पावती दोन प्रतींत करून एक कंत्राटदारास त्याच दिवशी द्यावी व दुसरीवर त्याची पोच घ्यावी. नस्ती पुढे कोणत्या टेबलावर किती दिवस राहिली, हे मग तारखांवरूनच दिसते.