दोघांच्या वाऱ्या
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या दिवशी सायंकाळी झालेले मनोगत. बोलले तसेच, थोडे नीट करून दिले आहे.)





मला भाषण येत नाही. टाळ येतो, तोही आता हातातून निसटतो. पण आज उभं राहायला एक कारण झालं. शताब्दीची पत्रिका छापून आली. त्यात सत्कारमूर्तींमध्ये माझं नाव आहे आणि नावापुढे लिहिलंय, ‘५१ वाऱ्या’. पत्रिका मी घरी नेली. हिला वाचता येत नाही, म्हणून नातवाने मोठ्याने वाचली. ही चुलीपाशी होती. काहीच बोलली नाही. नुसती ‘हं’ म्हणाली. लग्नाला चोपन्न वर्षं झाल्यावर माणसाला असल्या ‘हं’ची किंमत कळते. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मी समितीच्या पोरांना सांगितलं, मला पाच मिनिटं द्या, हा आकडा दुरुस्त करायचा आहे.

आकडा खोटा नाही. १९७३ ते २०१९ या सत्तेचाळीस, मग रोगाची दोन वर्षं सोडून २०२२ पासून यंदापर्यंत चार. एक्कावन्न झाल्या. पण त्या एकट्याच्या नाहीत. कशा, तेच सांगतो.

आमचं लग्न १९७१ साली झालं. आपण इकडे मुक्ताईच्या अंगणातली माणसं, आपली बोली तावडी. ही धुळे जिल्ह्यातली, शिंदखेडा तालुक्यातली, मुडावदजवळची. मुडावदला कपिलेश्वराचं देऊळ आहे, तिथे पांझरा तापीला मिळते. म्हणजे तिच्या माहेरीही तापी आणि आपल्याकडेही तापी. आपल्याकडे चांगदेवाला पूर्णा मिळते, तिकडे पांझरा. लग्नाची वरात सुरत-भुसावळ पॅसेंजरने आली. नरडाण्याला बसलो, अमळनेर गेलं, जळगाव गेलं, भुसावळला उतरलो, पुढे बैलगाडी. साऱ्या वाटेत ही एक शब्द बोलली नाही. पहिल्यांदा बोलली ती गावच्या नदीवर. म्हणाली, हे पाणी खाली आमच्याकडेच जातं ना? मी म्हटलं, हो. तेवढ्यावर तिने सासर मान्य केलं असं मला वाटतं.

दोघं मिळून कुठे गेलो असं पहिलं ठिकाण म्हणजे चांगदेव, १९७२ ची महाशिवरात्र. दोघं म्हणजे काय, एका गाडीत पुरुष, दुसऱ्या गाडीत आमची आई, काकू आणि मध्ये ही. यात्रेत मी तिला लांबून पाहिलं, तेवढीच सोबत. आईने तिला बांगड्या भरल्या. कोथळीला मुक्ताईचं दर्शन घेतलं. परत येताना आईने मला हळूच एक पुडी दिली, रेवड्यांची, ‘तिला दे’ म्हणून. त्या काळी नवरा-बायकोचं फिरणं असंच असायचं. तरुण मंडळी हसतात. हसा, पण त्या रेवडीची चव अजून तोंडात आहे.

त्याच वर्षी दुष्काळ पडला. बहात्तरचा दुष्काळ तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना सांगायला नको. आम्ही दोघं खडी फोडायला गेलो. ही नवी नवरी, हातावरची मेंदी कुठे गेली आणि फोड कधी आले कळलं नाही. तिथे खडीच्या ढिगावर बसून मी नवस बोललो, की पाऊस पडू दे, मी पायी पंढरपूरला येईन. १९७३ ला पाऊस पडला आणि मी आपल्या दिंडीत निघालो. नवस एका वारीचा होता. पण वारी कशी असते तुम्हाला माहीत आहे, एकदा गेलं की ज्येष्ठ लागला की पाय ऐकत नाहीत.

आता मंडळी, इथे लक्ष द्या. मुक्ताईची पालखी महिन्याहून जास्त चालते. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, जालना, बीड, भूम, माढा करत आपण वाखरीला पोचतो. आळंदी-देहूच्या वाटेवर निघाले तर निम्म्या दिवसांत पोचतात. आपण निघतो तेव्हा मृग तोंडावर असतो. म्हणजे नेमकी पेरणी. मी टाळ घेऊन निघायचो आणि शेत, चार गुरं, म्हातारी आई आणि पुढे तीन लेकरं हिच्या अंगावर. १९७३ ते १९९५, तेवीस वर्षं. दरवर्षी निघताना ही दशम्या बांधून द्यायची, शेंगदाण्याची चटणी द्यायची, कपाळाला बुक्का लावायची आणि एकच बोलायची, तिच्या अहिराणीत: “तुम्ही जा. मी शे ना आठे.”

मी ते शब्द निरोपाचे समजलो. तेवीस वर्षं.

१९८३ ला आमचा सालदार ऐन मृगात काम सोडून गेला. मी तेव्हा चिखलीच्या पुढे असेन. हिने चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी स्वतः तिफन धरली. बाईने तिफन धरायची नाही असं आपल्या गावात मानायचे. पारावर लोक बोलले, बोलणारे काही आज इथे बसलेही आहेत, मी बघत नाही त्यांच्याकडे. त्याच आठवड्यात मोठ्या पोराला ताप चढला. रात्री गाडी जुंपून ही एकटी त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तीन रात्री तिथे बसली आणि दिवसा परत येऊन शेतात. फोन नव्हता. मी गोपाळकाला करून, प्रसाद घेऊन, चिरमुरे-बुक्का घेऊन घरी आलो. शेत उगवलेलं, पोरगं खेळत होतं. गावाने माझे पाय धुतले, वारकरी आला म्हणून. पाणी कोणी घातलं? हिनेच. आणि एक अक्षर बोलली नाही.

मला कळलं केव्हा? १९९५ ला, बारा वर्षांनी. त्या वर्षी परत आलो तर दार आतून लावलेलं. मुक्ताईने ज्ञानोबांना ताटी उघडायला सांगितली, ते ताटीचे अभंग आपण सारे म्हणतो. आमच्या घरी उलटं झालं. आत बाई होती आणि बाहेर मी, गळ्यात टाळ, खांद्यावर पडशी, आणि शेजारी-पाजारी बघतात. मी म्हटलं, अगं काय झालं? आतून आवाज आला: “इठ्ठल काय तुमना एकलाना शे का?”

मग दार उघडून तिने सारं सांगितलं. तिफन, ताप, दवाखाना, त्याआधीची आणि नंतरची वर्षं. सांगताना रडली नाही. पाढा म्हणावा तसं सांगितलं. मी ओट्यावर बसून ऐकलं.

कीर्तनात आपण ऐकतो की तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर भजनात असत आणि जिजाई भाकरी घेऊन रोज डोंगर चढायची. तिच्या पायात काटा मोडला आणि तो पांडुरंगाने काढला, अशी कथा सांगतात. बुवा लोक जिजाईला कजाग म्हणून हशा घेतात. मीही हसलोय. त्या दिवसापासून मला ते हसू येत नाही. ती बाई रोज डोंगर चढत होती ना? भाकरी डोक्यावर घेऊन, उन्हात? मग ती कुठली वारी होती, ते बुवांनी सांगावं. महाराज, राग मानू नका.

पुढचं साल १९९६. त्या वर्षी आषाढ अधिक आला, धोंड्याचा महिना. त्यामुळे एकादशी सरकत थेट जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेली आणि निघायलाही उशीर झाला. पेरणी हातावेगळी करता आली. धाकट्या भावाने गुरं सांभाळली. आणि ही पहिल्यांदा डोक्यावर तुळस घेऊन निघाली. राजूरचा घाट चढून बुलढाण्याला आलो तेव्हा म्हणाली, एवढंच होय? मी दरवर्षी याचं वर्णन घरी मोठं करून सांगत होतो, ते उघडं पडलं.

बरोबर चाललो, म्हणजे कसं? आपल्या दिंडीत पुरुष पुढे, वीणा मध्ये, बाया मागे. मुक्कामाला पुरुष शाळेच्या एका खोलीत, बाया दुसऱ्या. साऱ्या वाटेत आम्ही दोघं मिळून घटकाभर बोललो असू. पण खोकल्यावरून ती मला ओळखायची. सुंठेची पुडी कोणा म्हातारीच्या हाती यायची. शहागडला गोदावरीत साऱ्या बाया पाण्यात उतरल्या, तेव्हा ती काठावर उभी राहून बराच वेळ पाण्याकडे बघत होती. नंतर विचारलं, तर म्हणे, हे आपल्या तापीसारखं पश्चिमेला जात नाही, उलटं जातं. शेतकऱ्याची लेक, पाणी कुठे जातं तेच आधी बघणार.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. आमच्या पिढीत बायको नवऱ्याला हाक मारत नसे. नाव तर नाहीच, पंचवीस वर्षं ‘ऐकलं का’ आणि भांड्याचा आवाज, एवढ्यावर संसार. दिंडीत सारेच माउली. जालन्याच्या पुढे पावसात माझी पडशी पडली आणि मागून हाक आली, “माउली, पडशी!” मी वळलो तर ही. तिने मला आयुष्यात पहिल्यांदा हाक मारली ती माउली म्हणून.

आणि वाखरीला. साऱ्या संतांच्या पालख्या तिथे भेटतात, आपली मुक्ताई भावांना भेटते, आणि वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. लहान नाही, मोठा नाही. मी एकेकाच्या पाया पडत चाललो, समोर ही आली. मी वाकलो. तिने पाय मागे घेतले. म्हणाली, लोक बघतात. मी म्हटलं, बघू दे. तेवीस वर्षांचं देणं होतं. फार नाही, दोन बोटं टेकली.

पंढरपुरात दर्शनाची रांग किती मोठी असते ते सांगत नाही, तुम्ही उभे राहिलात. विठोबाचं दर्शन घेऊन मागे रखुमाईच्या राउळात गेलो. हिने विचारलं, या दोघांची देवळं वेगळी का? मी कथा सांगितली, रखुमाई रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिच्या मागे शोधत आले, म्हणून तर इथे उभे. ही म्हणाली, म्हणजे आधी बाई निघाली. पुरुष मागून आला. मी गप्प. अजून उत्तर सापडलेलं नाही.

त्यानंतर २०१९ पर्यंत आम्ही दोघं गेलो, चोवीस वाऱ्या. सगळ्या सांगत बसलो तर उद्याचा काला चुकेल. २०१५ मात्र आठवतं. एकोणीस वर्षांनी पुन्हा आषाढ अधिक आला, पुन्हा एकादशी जुलैअखेर, सत्तावीस तारखेला. बीड जिल्ह्यात तेव्हा पाणी नव्हतं, मुक्कामाला टँकर. गावकऱ्यांनी स्वतःचा हंडा आमच्यात ओतला. एकादशीच्या रात्री वाळवंटात कोणी सांगितलं की अब्दुल कलाम गेले, आणि भजन थांबून सगळे मिनिटभर उभे राहिले. ही म्हणाली, चांगला दिवस मिळाला त्यांना.

२०२० ला पालखी एसटीने गेली. आपण घरी. मला वाटलं, ही वारी बुडाली. पण हिला सारे मुक्काम पाठ. रोज सकाळी बांधावरून एक फेरी, आणि संध्याकाळी तुळशीपाशी सांगायची: आज बुलढाणा, आज चिखली, आज जालना. जालन्याला त्या माउलीने एकदा पिठलं-भाकरी दिली होती म्हणून त्या दिवशी घरात पिठलं. भूमच्या दिवशी ही रुसली, कारण तिथे एकदा हिची चप्पल गेली होती. ती वारी तुमच्या आकड्यात नाही. मोजायची की नाही, ते समितीने ठरवावं.

आता हिचे गुडघे गेले. २०२२ पासून ही दशमीला एसटीने वाखरीला येते आणि तिथून पुढे चालते. मी चालत पोचतो, खोटं कशाला बोलू, यंदा राजूर घाट मीही गाडीत बसून चढलो. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, आणि मला पंच्याहत्तर झाली म्हणून फुकट. रांगेतल्या एका जोडप्याला मुख्यमंत्र्यांबरोबर महापूजेचा मान मिळतो आणि वर्षभराचा एसटीचा पास मिळतो, ते आपल्याला माहीत आहे. आमचा नंबर कधी लागला नाही. हिला म्हटलं, तर म्हणाली, तुमना पास ते शे, आते मान कशाले?

तर समितीच्या पोरांनो, ग्रंथ छापायला जाईल तेव्हा माझ्या नावापुढचं ते ५१ काढा. दोघांची नावं लिहा. आधीच्या तेवीस वाऱ्यांत चाललो मी आणि घर चाललं हिच्यामुळे, त्या निम्म्या तिच्या. पुढच्या चोवीस दोघांच्या. आणि बुक्का लावून जिने तेवीस वेळा निरोप दिला, तो हार आधी तिच्या गळ्यात घाला, मग माझ्या.

ती बघा, तिसऱ्या रांगेत हात करते आहे. पदर तोंडाला लावलाय, म्हणजे हसते आहे किंवा खाली बसायला सांगते आहे. बहुतेक बसायलाच सांगते आहे.

रामकृष्ण हरी.