निराशा करणारे प्रणयपट



चंद्रपूरच्या वैशाखात जो गृहस्थ घरचा पंखा सोडून व्याख्यानाला येतो, त्याच्यापुढे खरे म्हणजे गीतेवर किंवा ज्ञानेश्वरीवर बोलावे. संयोजकांनी माझ्याकडे सोपविलेला विषय मात्र निराळा आहे : निराशा करणारे प्रणयपट. कोणी म्हणेल, यात बोलण्याजोगे काय आहे? चित्रपट आवडला नाही तर उठून घरी यावे. पण माणूस उठून येत नाही, हीच तर मौज आहे. तो शेवटपर्यंत बसतो आणि बाहेर पडताना कोणीतरी मापात मारल्यासारखा चेहरा करतो. त्याला काय हवे होते आणि काय मिळाले नाही, एवढेच आज पाहू.

रूढ समजूत अशी, की प्रेक्षकाला गोड शेवट हवा असतो. चार गाणी, एक गैरसमज आणि अखेरीस अक्षता. आपल्या भागातला प्रेक्षक पाहिला म्हणजे ही समजूत टिकत नाही. दिवाळीनंतर धान घरात आले, की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. देसाईगंज, म्हणजे आपले वडसा, हे त्यांचे मुख्य ठाणे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पश्चिमेकडच्या पुष्कळ रसिकांना अशी एक रंगभूमी आहे हे कळले. आपल्याला ते आजोबांपासून ठाऊक आहे. रात्री पडदा वर जातो, पहाटेपर्यंत खेळ चालतो. त्यात विनोद असतो, लावणी असते, आणि प्रेम तर असतेच. पण ते प्रेम कधी एकटे येत नाही. त्याच्याबरोबर कर्ज येते, भाऊबंदकी येते, आईचे दुखणे येते. कडाक्याच्या थंडीत अंगावर घोंगडे ओढून बसलेला प्रेक्षक रडतो आणि समाधानाने घरी जातो. तेव्हा दुःखान्ताने तो निराश होतो, हे म्हणणे खरे नव्हे.

याच दिवसांत मंडईच्या निमित्ताने पाहुणे येतात आणि सोयरिकी जुळतात. रंगमंचावरच्या नायिकेने बापाचा उंबरठा ओलांडला म्हणून डोळे पुसणारे दोन गृहस्थ सकाळी चहा घेता घेता जात आणि गोत पाहून मुलामुलीचे पक्के करून टाकतात. ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. तिचे काम पुढे आहे.

आता चित्रपट घ्या. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. करमाळ्याकडचा मुलूख, पाटलाची मुलगी आर्ची आणि पारधी समाजातला परश्या. पूर्वार्ध म्हणजे विहीर, ऊस, ट्रॅक्टर, बुलेट आणि अजय-अतुल यांचे संगीत. मध्यंतरानंतर दोघे हैदराबादेला जातात, आणि तिथे चित्रपट चाल बदलतो. झोपडपट्टीतली खोली, नाकात बसणारा वास, स्वयंपाक न येणारी मुलगी, डोशाच्या गाडीवर राबणारा मुलगा, संशय, भांडण. एकदा तर तो तिच्यावर हातही टाकतो. ‘उत्तरार्ध लांबला’ अशी तक्रार तेव्हा पुष्कळांनी केली. माझे मत अगदी उलटे आहे. तो लांबला म्हणूनच चित्रपट उभा राहिला. प्रेमात पडायला एक गाणे पुरते. घरभाडे, नोकरी आणि एकमेकांचे स्वभाव यांच्याशी जमवायला वेळ लागतो, आणि तो वेळ दिग्दर्शकाने प्रेक्षकाला बसवून मोजायला लावला. बल्लारशाच्या फलाटावर उभे राहणाऱ्यांना ते हैदराबाद परके वाटण्याचे कारण नाही. मिरची तोडायला आपल्याकडून किती जोडपी तेलंगणात जातात, हे इथे सांगायला नको.

अशा संसाराचा मोठा दाखला तर आपल्या गावातच उभा आहे. ताजमहाल राजाने राणीसाठी बांधला. आपल्या चांद्यात राणी हिराईने राजा बीरशाहाची समाधी बांधविली, आणि त्याच्यामागे राज्याचा गाडाही हाकला. समाधी पाहायला लोक येतात. दुसऱ्या गोष्टीची आठवण फार थोड्यांना असते. चित्रपटवाल्यांचेही असेच होते.

‘सैराट’ची हिंदी आवृत्ती ‘धडक’ २० जुलै २०१८ रोजी आली. संगीतकार तेच, काही चालीही त्याच, आणि पैसाही बरा मिळाला. तरी मूळ चित्रपट पाहिलेला माणूस खट्टू होऊन बाहेर आला. का? करमाळ्याच्या जागी उदयपूर आले. पाटलाच्या जागी हॉटेले चालविणारा, राजकारणात शिरलेला बाप आला. सरोवर, हवेल्या, स्वच्छ कपडे आले. दोघे पळून मुंबईला आणि तिथून नागपूरला येतात. (आपल्यापर्यंत पोहोचलेच होते म्हणा! पण तिथून गाडी कलकत्त्याकडे वळते.) यात गेली कोण? जात गेली. मुलगा खालच्या जातीचा आहे, याचा उल्लेख ओझरता होतो. पण ती जात त्याच्या घरात, बोलण्यात, चालण्यात, भीतीत कुठेच दिसत नाही. मग अखेरीस जो खून होतो तो आभाळातून पडल्यासारखा होतो. ‘सैराट’च्या शेवटी आवाज बंद होतो आणि एक लहान मूल रक्ताची पावले उमटवीत चालत जाते, तेव्हा आपल्याला धक्का बसतो खरा, पण आश्चर्य वाटत नाही, पहिल्या दृश्यापासून आपण ते मनात धरून बसलेले असतो. ‘धडक’मध्ये मुलगी वाचते, मुलगा आणि मूल मरतात, आणि आपल्याला नुसते आश्चर्य वाटते. किंमत न सांगता दुकानदाराने अखेरीस बिल पुढे करावे, तसा हा प्रकार आहे.

हे जुन्या मंडळींना कळत नव्हते असे नाही. १९३९ साली प्रभातने ‘माणूस’ काढला. ‘देवदास’चे झुरणे आणि पिणे लोकांच्या डोक्यात भिनले होते; शांतारामबापूंनी त्याला उत्तर म्हणून एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या उभी केली. त्या दोघांचे लग्न होत नाही. पण ते का होत नाही हे प्रेक्षकाला पायरीपायरीने कळते, आणि म्हणून तो रागावत नाही.

आता ती बाजूला ठेवलेली गोष्ट. ‘धडक’ने जात लपविली म्हणून आपण रुसतो, हे योग्यच आहे. पण ‘सैराट’चे ‘झिंगाट’ आपण कुठे वाजविले? वरातीत. ज्या लग्नात पत्रिकेआधी जात विचारली गेली, त्याच लग्नात वराचे मामा त्या तालावर नाचले. २७ मार्च २०१८ रोजी, म्हणजे ‘धडक’च्या चार महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात सांगितले, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला कुटुंबाची वा जातीची संमती लागत नाही, अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत सुरक्षित निवारे असावेत, अशी सूचनाही केली. निवाड्यातल्या या गोष्टी किती घरांत बोलल्या गेल्या? चित्रपटावर मात्र महिनाभर वाद झाला.

१९५४च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत नोटीस लागते आणि तीस दिवस थांबावे लागते. त्या फळ्यावर दोघांची नावे आणि पत्ते असतात. येणारा-जाणारा वाचतो, कोणीतरी गावी फोन करतो. माझ्या मते प्रणयपटाला याहून मोठे कथानक नको. पळापळ नाही, बंदूक नाही. दोन नावे, एक कागद आणि तीस दिवस. झाडीपट्टीच्या एखाद्या लेखकाने हे मनावर घेतले, तर यंदा धान निघाल्यावर वडशाच्या आसपास तो खेळ पाहायला मी जाईन. आपणही यावे. येताना घरातली वडीलधारी मंडळी बरोबर आणावीत, आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवावे.